मोल देऊन मिळालेली हमदर्दी

दुःख सांगितल्याने हलके होते, असे आपण सगळेच म्हणतो. पण ते कुणाला सांगायचे, हा प्रश्न आला की आपली यादी फार लहान असल्याचे लक्षात येते. आईला सांगितले तर तिला रात्रभर झोप येणार नाही. भावाला सांगितले तर तो रागाच्या भरात काहीतरी करून बसेल. शेजारणीला सांगितले तर मगरिबपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळेल. मैत्रीण स्वतःच तिच्या संसाराने गांजलेली असते. मग माणूस मुसल्यावर बसून रडतो, मनाला थोडा करार येतो, हे खरे आहे. तरीही समोर बसून ऐकणारे आणि शब्दाला शब्द देणारे कुणीतरी माणूसही त्याला हवेच असते.

गेल्या काही वर्षांत शहरांमधून असे ऐकणाऱ्यांचा एक व्यवसाय रुजला आहे. त्यांना कुणी समुपदेशक म्हणतात, कुणी थेरपिस्ट. औषध लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ वेगळे. हे लोक मुख्यतः बोलण्यातून आणि ऐकण्यातून उपचार करतात. पाऊणएक तासाची भेट, ठरलेला वार, ठरलेली फी. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एकदा हा विषय निघाला, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “घंटे के हिसाब से पैसा लेनेवाला हमदर्द कैसे हुआ?” सगळे हसले आणि तास झाल्याची घंटा वाजली. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पैसे मोजून मिळालेली आपुलकी खरी असू शकते का, हा नीतीचा जुना प्रश्न आहे, आणि आज तो आपल्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत आला आहे.

तो कसा आला, ते सांगते. शाळेत एखादे मूल अचानक गप्प होते. डबा तसाच परत नेते, वहीत पाने कोरी ठेवते. शिक्षकाला कळते की हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. पालकांना बोलावून समुपदेशकाचे नाव सुचवावे, तर आई पदर सावरत म्हणते, “घर की बात, वो भी पैसे देके, बाहर बोलनी क्या टीचर?” त्या मुलांच्या गोष्टी मी इथे सांगणार नाही, त्या माझ्याजवळ अमानत आहेत. पण त्या आईच्या एका वाक्यात तीन वेगवेगळे आक्षेप आहेत. एक, गोष्ट घरची आहे आणि ऐकणारा परका. दोन, तो पैसे घेतो. तीन, मी त्याच्यापुढे उघडी पडणार, तो मात्र झाकलेलाच राहणार. हे आक्षेप अडाणीपणाचे नाहीत. जगातल्या मोठ्या विचारवंतांनी याच गोष्टींवर वाद घातला आहे.

त्या वादात शिरायला कार्ल रॉजर्स यांच्याइतका चांगला वाटाड्या नाही. बी.एड. करताना हे नाव आपल्यासमोरून दोन ओळींत निघून जाते. विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्यावर त्यांनी 1969 मध्ये पुस्तक लिहिले, म्हणून शिक्षक त्यांना ओळखतात. पण त्यांचे आयुष्यभराचे काम मानसोपचाराचे होते.

रॉजर्स यांचा जन्म 8 जानेवारी 1902 रोजी अमेरिकेत शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. सहा भावंडांत ते चौथे. घर कडक धार्मिक ख्रिस्ती वळणाचे होते. पत्ते नाहीत, नाच नाही, नाटक नाही. मेहनत भरपूर, आईबापांचे प्रेमही भरपूर; पण मनातले बोलून दाखवायची रीत नाही. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेले. मुलगा पतंगांचे निरीक्षण करू लागला, शेतीशास्त्राची पुस्तके वाचू लागला. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी आधी शेतीच शिकायला घेतली. 1922 मध्ये एका ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेसाठी ते चीनला गेले. सहा महिन्यांच्या त्या प्रवासात त्यांना दिसले की प्रामाणिक माणसे आपापल्या श्रद्धेने अगदी वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचलेली असतात. परतल्यावर धर्मोपदेशक होण्यासाठी न्यूयॉर्कच्या सेमिनरीत ते दोन वर्षे शिकले, आणि मग समोरच्या टीचर्स कॉलेजात जाऊन मानसशास्त्राकडे वळले.

ही पार्श्वभूमी सांगायचे कारण असे की थेरपिस्टची पद्धत केवळ पुस्तकातून येत नाही. ज्या घरात मनातले बोलायची सोय नव्हती, त्या घरातला मुलगा पुढे असे म्हणू लागला, की माणसाला न तोलता, न सुधारता ऐकले तर तो स्वतःच सुधारू लागतो. ज्याने बीज जमिनीत कसे वाढते ते पाहिले होते, तो म्हणू लागला की वाढण्याची ओढ माणसाच्या आतच असते. आपण फक्त हवा, पाणी, ऊन यांची सोय करायची.

पण हेही त्यांना एकदम सुचले नाही. 1928 पासून बारा वर्षे ते रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम करत होते. तिथला एक प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. एक अतिशय दांडगट मुलगा होता. त्याच्या लहानपणी आईने त्याला मनातून दूर लोटले होते, हेच त्याच्या वागण्याचे मूळ आहे, असे तपासात दिसत होते. रॉजर्स अनेक भेटींत त्या आईला हे समजावून देण्याचा प्रयत्न करत राहिले. नरमाईने, धीराने; पण तिच्यापर्यंत काही पोहोचेना. शेवटी त्यांनीच सुचवले की आपण दोघांनीही प्रयत्न केला, आता थांबू या. ती तयार झाली, उठली, दारापर्यंत गेली. तिथून वळून तिने विचारले, तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही मदत करता का? हो म्हटल्यावर ती परत येऊन बसली आणि आपल्या मोडत चाललेल्या संसाराबद्दल बोलू लागली. आधीच्या सगळ्या भेटींत सांगितलेल्या नीटनेटक्या माहितीत जे नव्हते, ते आता बाहेर येत होते. खरा उपचार तेव्हा सुरू झाला, आणि पुढे मुलगाही सुधारला.

शिक्षकांनी हा प्रसंग जरूर वाचावा. पालकसभेत आपण आईबापांना त्यांच्या चुका समजावून सांगतो, बहुतेक वेळा बरोबरच सांगतो, आणि तरी काही घडत नाही. याचे कारण त्या दाराशी आहे. कुठे दुखते आहे हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते. आपला निष्कर्ष कितीही अचूक असला तरी त्याच्या बोलण्याची जागा आपण आधीच व्यापून टाकलेली असते.

1942 आणि 1951 च्या पुस्तकांतून रॉजर्सनी आपली भूमिका मांडली, आणि 1957 मध्ये एका प्रसिद्ध निबंधात तिच्या अटी सांगितल्या. त्यांपैकी तीन सर्वांना माहीत झाल्या. ऐकणाऱ्याने आतून-बाहेरून एकच असावे, सोंग आणू नये. समोरच्याला कोणतीही अट न घालता आदराने स्वीकारावे. आणि त्याचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहण्याचा प्रयत्न करावा, आपण वेगळे आहोत हे न विसरता. या तिन्ही गोष्टी नात्याबद्दल आहेत. तंत्र, कसब, निदान यांना त्यांनी दुसरी जागा दिली.

सगळ्यांना हे पटले असे नाही. 1964 मध्ये कॅलिफोर्नियात एक विलक्षण प्रयोग चित्रित झाला. ग्लोरिया नावाची घटस्फोटित तरुण आई एकापाठोपाठ तीन थेरपिस्टांशी साधारण अर्धा-अर्धा तास बोलली. पहिले रॉजर्स. दुसरे फ्रिट्झ पर्ल्स, बर्लिनमध्ये जन्मलेले आणि नाझींमुळे परागंदा झालेले. तिसरे अल्बर्ट एलिस. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना चांगली परिचित आहे. ग्लोरियाची अडचण नीतीचीच होती. तिच्या लहान मुलीने तिला विचारले होते, की घटस्फोटानंतर तिचे कुणा पुरुषाशी संबंध आले का. आई खोटे बोलली होती. आता ते खोटे तिला आत टोचत होते. मुलीला खरे सांगितले तर तिच्या मनावर आघात होईल का, एवढे तिला जाणून घ्यायचे होते.

रॉजर्सनी तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर दिलेच नाही. ती वारंवार मागत राहिली, आणि ते तिच्याबरोबर त्या पेचात बसून राहिले. अखेरीस ती स्वतःशी खरे राहण्याबद्दल आपल्याच तोंडाने बोलू लागली. पर्ल्सनी तिला डिवचले, तिचे हसणे खोटे आहे असे तोंडावर सांगितले, तिला संताप येऊ दिला. एलिसनी तिच्या विचारांतली गफलत भराभर उलगडून दाखवली. एलिस यांचाही भूतकाळ त्यांच्या पद्धतीत दिसतो. लहानपणी ते मूत्रपिंडाच्या विकाराने वारंवार रुग्णालयात असत. तरुणपणी ते इतके बुजरे होते, की एकोणीसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती-उद्यानात जाऊन अनोळखी स्त्रियांशी बोलायचेच असा नेम त्यांनी स्वतःला घालून दिला. ज्याने स्वतःची भीती अशी हटवली, तो दुसऱ्यालाही ‘बस, विचार कर आणि कामाला लाग’ असेच सांगणार.

मग तिघांत बरोबर कोण? हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. 1936 मध्येच सॉल रोझेन्झ्वाइग या मानसशास्त्रज्ञाने लिहिले होते, की परस्परविरोधी दिसणाऱ्या पद्धतींनीही माणसे बरी होतात, तेव्हा त्या सर्वांत काहीतरी समान असले पाहिजे. 1979 मध्ये एडवर्ड बॉर्डिन यांनी त्या समान गोष्टीची मांडणी केली. कुठे जायचे यावर दोघांचे एकमत, तिथे जाण्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा बंध. त्यानंतरच्या अभ्यासांत या बंधाचा उपचाराच्या यशाशी संबंध सातत्याने दिसला आहे. तो एकमेव घटक नाही. पण त्याच्यावाचून बाकीचे घटकही फार चालत नाहीत.

म्हणूनच आज अनेक थेरपिस्ट स्वतःला एकाच पंथाचे म्हणवत नाहीत. ते नाते पायाशी ठेवतात आणि समोरच्या माणसाच्या गरजेप्रमाणे वेगवेगळ्या पद्धतींतून निवड करतात. याला समन्वयी पद्धत म्हणता येईल. ती खिचडी नव्हे. ज्याला रोज पहाटे छातीत धडधड होते, त्याला त्या क्षणी काय करायचे ते शिकवावे लागते. ज्याचे मूल वारले आहे, त्याला काहीही शिकवायचे नसते. त्याच्याजवळ बसायचे असते. हाताशी अनेक हत्यारे असणे चांगले, पण कोणते कधी उचलायचे हे माणसाकडे पाहूनच ठरते. वर्गातही एकाच धड्यासाठी एका मुलाला गोष्ट लागते, दुसऱ्याला फळ्यावरची आकृती, आणि तिसऱ्याला फक्त टीचरने शेजारी उभे राहणे.

आता त्या आईच्या तिसऱ्या आक्षेपाकडे येऊ. मी उघडी, तो झाकलेला. हाच आक्षेप 18 एप्रिल 1957 रोजी अमेरिकेत अ‍ॅन आर्बर येथे, मिशिगन विद्यापीठातल्या जाहीर संवादात खुद्द रॉजर्सपुढे आला. समोर होते एकोणऐंशी वर्षांचे तत्त्वज्ञ मार्टिन बूबर. माणूस समोरच्याला ‘ती वस्तू’ म्हणून नव्हे तर ‘तू’ म्हणून भेटतो तेव्हाच खरा माणूस होतो, असे त्यांनी 1923 च्या पुस्तकात मांडले होते. रॉजर्सना वाटले, आपण करतो ते हेच. उपचाराच्या उत्कट क्षणी थेरपिस्ट आणि रुग्ण बरोबरीचे असतात, असे ते म्हणाले. बूबरनी ते मान्य केले नाही. त्यांचे म्हणणे साधारण असे होते, की तो तुमच्याकडे मदतीसाठी आला आहे, तुम्ही त्याच्याकडे मदतीसाठी गेलेला नाही. तुम्ही त्याच्या बाजूने पाहू शकता, तो तुमच्या बाजूने पाहू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. ही परिस्थितीच तुम्हा दोघांमध्ये मर्यादा घालते. तुमची सदिच्छा ती मर्यादा पुसू शकत नाही.

मला वाटते, इथे बूबर बरोबर आहेत, आणि त्यामुळे रॉजर्स चूक ठरत नाहीत. असमान नात्यातही आदर पुरेपूर असू शकतो. मूल आणि आई समान नसतात, शागिर्द आणि उस्ताद समान नसतात. धोका असमानतेत नाही. ती नाकारण्यात आहे. जो थेरपिस्ट ‘आपण दोघे दोस्तच आहोत’ असे म्हणतो, त्याच्या हातातली सत्ता नाहीशी होत नाही. ती फक्त दिसेनाशी होते. आणि न दिसणाऱ्या सत्तेचा हिशेब मागता येत नाही. तेव्हा ज्याच्या हाती अधिक आहे, त्याच्यावर बंधने अधिक, हाच न्याय. भेटीची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, बाहेरचे व्यवहार नाहीत, शारीरिक जवळीक कदापि नाही, गुपित बाहेर जाणार नाही. ही बंधने कमजोराच्या रक्षणासाठी आहेत.

ती ऐकणाऱ्याच्याही रक्षणासाठी आहेत. 1949 च्या सुमारास शिकागोत रॉजर्स एका अतिशय अस्वस्थ स्त्रीवर उपचार करत होते. तिला अधिकाधिक देण्याच्या भरात त्यांची स्वतःची पकड सुटू लागली. आपण कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते, हे त्यांना उमजेना. शेवटी ती केस सहकाऱ्याकडे सोपवून ते पत्नी हेलनसह शहर सोडून निघून गेले आणि दोन-तीन महिने दूर राहिले. परतल्यावर त्यांनी आपल्याच एका सहकाऱ्याकडून उपचार घेतले. बिनशर्त स्वीकार शिकवणाऱ्या माणसाला, स्वतःलाही कुणीतरी स्वीकारावे लागते हे तेव्हा उमगले. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही. हमदर्दीला तळ असतो, आणि तो जपला नाही तर देणारा आणि घेणारा दोघेही बुडतात.

या मर्यादांच्या यादीतच फीचाही विचार करावा लागतो. पैसे घेतो म्हणून तो हमदर्द नाही, हा तर्क आपण इतर कुठे लावत नाही. मला दरमहा पगार मिळतो. त्या बदल्यात मी ठरल्या वेळी वर्गात असले पाहिजे, अभ्यासक्रम पूर्ण केला पाहिजे. पण शेवटच्या बाकावरच्या मुलीचे डोळे आज सुजलेले आहेत, हे पाहण्याचे पैसे कुणी देत नाही. आणि ते न पाहिल्याबद्दल पगार कापलाही जात नाही. पगाराने माझी हजेरी विकत घेता येते, लक्ष नाही. थेरपिस्टचेही तसेच आहे. फी त्याच्या वेळेची असते. त्या वेळेत तो मनापासून तिथे असेल की नाही, ही त्याच्या इमानाची गोष्ट आहे, आणि ती समोरच्याला लवकरच कळते.

उलट फुकट ऐकणाऱ्यांची किंमत आपण कधी मोजली आहे का? ज्या नातेवाइकाने आपले रडगाणे ऐकले, तो पुढच्या भांडणात तेच काढून तोंडावर मारतो. ज्या वडीलधाऱ्याने धीर दिला, त्याची सल्ल्याप्रमाणे वागण्याची अपेक्षा असते. नाही वागलो तर तो रुसतो. उतारा देणारा आमिल ‘हदिया जो मर्जी’ म्हणून सुरुवात करतो आणि काळ्या बोकडापर्यंत पोहोचतो. शेजारीण पैसे घेत नाही, पण आपली गोष्ट घेते आणि ती चार घरी वाटते. प्रत्येकजण असाच असतो असे नाही. निःस्वार्थ ऐकणारी माणसे आपल्यात आहेत आणि त्यांच्यामुळेच अनेक घरे टिकली आहेत. मुद्दा एवढाच की फुकट म्हणजे निःस्वार्थ, आणि पैसे म्हणजे स्वार्थ, असा सोपा हिशेब मांडता येत नाही. फी दिली की देणे संपते. पुढे कृतज्ञतेचे, आज्ञाधारकतेचे, मिंधेपणाचे देणे राहत नाही. उठून जाताना माणूस मोकळा असतो. ज्याला घरात प्रत्येक प्रेमाची परतफेड करावी लागली आहे, त्याला हा मोकळेपणाच औषधासारखा लागू पडतो.

परकेपणाच्या आक्षेपाचेही तसेच. गोष्ट घरची असते म्हणूनच ती कधीकधी घरात सांगता येत नाही, कारण घरातला प्रत्येकजण त्या गोष्टीतले पात्र असतो. नवव्या-दहाव्या शतकात बल्ख येथील विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. मनाच्या दुखण्यावर त्यांनी आतले आणि बाहेरचे असे दोन्ही उपाय सांगितले. आतला म्हणजे आपल्याच विचाराने स्वतःला सावरणे, बाहेरचा म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्याचा आधार. तेव्हा मनाच्या दुखण्यासाठी दुसऱ्या माणसाकडे जाणे हे पश्चिमेकडून आलेले नवे फॅड आहे, असे म्हणण्याचे कारण नाही.

परक्याला सांगितलेली गोष्ट त्याच्याजवळ राहते, याची खात्री काय? इथे व्यक्तीच्या चांगुलपणाला कायद्याचीही जोड आहे. आपल्या देशात 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याचा गोपनीयतेचा हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. पण अमानतीलाही मर्यादा असते. एखाद्याच्या जिवाला धोका असेल तर गुपित राखणे म्हणजे नीती नव्हे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर 2012 च्या कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे शिक्षकालाही बंधनकारक आहे, समुपदेशकालाही. चांगला थेरपिस्ट ही मर्यादा पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. ‘तुमचे सगळे माझ्याजवळ राहील, मात्र अमुक बाबतीत मला बोलावे लागेल.’ एवढे आधी सांगणारा माणूस, काहीही न सांगता शपथा घेणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा.

ग्लोरियाची पुढची गोष्ट मात्र या साऱ्या नियमांत नीट बसत नाही. तो अर्धा तास संपल्यावरही तिचा रॉजर्सशी पत्रव्यवहार तिच्या मृत्यूपर्यंत, सुमारे पंधरा वर्षे राहिला. तिने त्या पतीपत्नींना मनाने आईवडील मानण्याची परवानगी मागितली, आणि त्यांनी ती दिली. अर्ध्या तासातून पंधरा वर्षांचे नाते उगवले, याचे रॉजर्सना स्वतःलाही नवल वाटले. आजच्या व्यावसायिक आचारसंहिता अशा नात्याकडे सावधपणेच पाहतील, आणि ते योग्यच आहे. पण स्टाफरूममधल्या त्या प्रश्नाचे एक उत्तर या गोष्टीत आहे. ठरवून, घड्याळ लावून, कॅमेऱ्यासमोर झालेल्या भेटीतसुद्धा माणूस माणसाला खरोखर भेटू शकतो. जागा बेतलेली होती, भेट बेतलेली नव्हती.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. हमदर्दी खरी असेलही, पण ज्याच्या खिशात फी नाही त्याचे काय? फ्रॉइडनी 1913 मध्ये लिहिले, की पैशाबद्दल थेरपिस्टने आडपडदा ठेवू नये. अनेक वर्षे रोज एखादा तास त्यांनी मोफत उपचारही करून पाहिले होते, आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही असे त्यांचे मत पडले. पण त्याच फ्रॉइडनी 1918 मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत सांगितले, की गरिबालाही मनाच्या उपचाराचा तितकाच हक्क आहे हे समाजाला एक दिवस मान्य करावे लागेल. दोन वर्षांत बर्लिनमध्ये असे केंद्र सुरू झाले, 1922 मध्ये व्हिएन्नातही. आपल्याकडे 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले, की वेगवेगळ्या मनोविकारांत 70 ते 92 टक्के माणसे उपचारांवाचून राहतात. पॉवरलूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला, दिवसभर घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईला खाजगी थेरपिस्टची एका तासाची फी परवडणारी नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे. काही थेरपिस्ट ऐपतीप्रमाणे फी कमी करतात. हे चांगले आहे, पण पुरेसे नाही. तेव्हा तो हमदर्द पैसे का घेतो, असे विचारण्यापेक्षा, ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याच्यापर्यंत हमदर्द का पोहोचत नाही, असे आपण विचारायला हवे. आपल्या जमाती शादीखाने बांधतात, वजिफे देतात. एखाद्या मदरशाच्या किंवा शाळेच्या खोलीत आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित समुपदेशकाला बसवणे फार खर्चाचे काम नाही.

‘प्रशिक्षित’ हा शब्द मात्र सैल सोडू नये. आज कुणीही चार दिवसांचा वर्ग करून पाटी लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ती विचारण्यात संकोच नको. समुपदेशकाला शिक्षण कुठे झाले, फी किती, गुपिताची मर्यादा काय, आणि अडचण आली तर आपण स्वतः कुणाचे मार्गदर्शन घेता, एवढे चार प्रश्न विचारावेत. जो या प्रश्नांनी चिडतो त्याच्यापुढे मन उघडू नये.

आणि शेवटची कसोटी वेळ लावते. खरी हमदर्दी माणसाला आपल्याजवळ बांधून ठेवत नाही. काही महिन्यांनी त्याला आपल्या घरात, आपल्या माणसांत, आपल्याच पायांवर उभे राहता येऊ लागले, आईला आता एवढे तरी सांगता येऊ लागले की ‘अम्मी, मला बरे वाटत नाही’, तर त्या फीचे चीज झाले. शिक्षकाचेही तसेच असते. मूल शिकून पुढे गेले की त्याला आपली गरज उरत नाही, आणि त्या दिवशी आपल्याला वाईट वाटत नाही.